अमेरिकेतल्या कॉलेजात बेसबॉल कोच व्हायचंय, पण पगार कधी सुरू होतो?

मैदानाबाहेर : वाचकांचे प्रश्न

या वेळी क्रिकेट अकादमीच्या फीचे आणि गुडघेदुखीचे प्रश्न जरा बाजूला ठेवलेत, कारण बेसबॉलची चक्क तीन पत्रं आलीत आणि तिन्ही मुंबई परिसरातलीच. तिसरं तसं क्रिकेटचंच आहे पण फिरून बेसबॉलवर येतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी डोंबिवलीला राहतो, वय २१, टीवाय बीकॉमला आहे. आधी मिडियम पेस टाकायचो पण कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये नाव आलं नाही, मग जिमखान्याच्या सरांनी बेसबॉलला पाठवलं आणि तिथे मी पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर, झालो. युनिव्हर्सिटीकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा पण खेळलो. आता खांदा पहिल्यासारखा राहिला नाही, पण ज्युनियर पोरांना शिकवताना जाम भारी वाटतं. अमेरिकेतलं कॉलेज बेसबॉल मी पहाटे साडेचारला उठून बघतो, आई म्हणते वेड लागलंय. मला तिकडे कॉलेजमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय. कोर्स कोणता, किती वर्षं लागतात, पगार किती? बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. एक एजंट म्हणतो स्पोर्ट्स मॅनेजमेंटला अ‍ॅडमिशन घे, कोचिंगचा जॉब लागतोच. एज्युकेशन लोन काढू का?
— एक पिचर, डोंबिवली

उत्तर : अरे बाळा, पहिलं त्या एजंटचं बघू. "लागतोच" हा शब्द तो कोणत्या कागदावर लिहून देतोय का विचार. नाही देणार. आणि कोर्स कोणता हा तुझा पहिला प्रश्न पण खरं तर तसा लागू होत नाही, कारण अमेरिकेत कॉलेजचा बेसबॉल कोच व्हायला आपल्या बीपीएडसारखी ठरलेली डिग्री किंवा लायसन्स असं काही नसतं. बॅचलर्स बहुतेक सगळ्यांकडे असते, मास्टर्स बऱ्याच जणांकडे, पण नोकरी मिळते ती तू कोणाच्या हाताखाली काम केलंस आणि तो फोनवर तुझ्याबद्दल काय बोलला यावर. वाईट वाटेल ऐकून पण आहे तसं आहे, आणि आपल्याकडे शिवाजी पार्कला किंवा आझाद मैदानावर तरी काय वेगळं चालतं.

आता तिकडची उतरंड सांगते म्हणजे अंदाज येईल. सगळ्यात वर एनसीएएची, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेची, डिव्हिजन वन, जी तू पहाटे बघतोस, तिथे सुमारे ३०० कॉलेजं बेसबॉल खेळतात. त्याखाली डिव्हिजन टू आणि थ्री, शिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं. टीव्हीवर वरचाच थर दिसतो, लुईझियाना स्टेट, टेनेसी, अर्कान्सा वगैरे, जिथे असिस्टंटला सहा आकडी डॉलर पगार असतो, पण बहुतेक माणसं सुरुवात करतात ती खालून, जिथे असिस्टंट कोच स्वतः मैदानाची माती ओढतो, बसमध्ये जेवणाची पाकिटं मोजतो आणि पार्टटाइम पगारात दुसरीकडे कुठेतरी अजून एक नोकरी करतो.

पगाराचंच विचारलंयस तर ही गोष्ट नीट वाच. डिव्हिजन वनमध्ये वर्षानुवर्षं नियम असा होता की एक हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक व्हॉलंटियर असिस्टंट. हा व्हॉलंटियर म्हणजे आपल्या लोकलमधली चौथी सीट, बसला आहे असं म्हणायचं पण अर्धा बाहेर. काम पूर्ण वेळ, युनिफॉर्म तोच, प्रवास तोच, आणि कॉलेजकडून पगार शून्य, पोट भरायचं ते उन्हाळी कॅम्पमध्ये शाळकरी पोरांना शिकवून. शेवटी २०२२ च्या अखेरीस अशाच बेसबॉल व्हॉलंटियर कोचेसनी एनसीएएवर केस टाकली, त्यात पुढे सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरची तडजोड झाली, आणि मधल्या काळात एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये ठरवून १ जुलै २०२३ पासून ते व्हॉलंटियर पदच काढून टाकलं. आता हेड कोच सोडून तीन असिस्टंट आणि तिघांनाही पगार देता येतो. देता येतो म्हटलंय मी, भरपूर द्यायलाच हवा असं कुठे नाहीये, त्यामुळे श्रीमंत कॉलेजात तिसऱ्याची चांदी झाली आणि लहान कॉलेजात तिसऱ्याला जेमतेम भाडं निघेल इतकंच. म्हणून "असिस्टंट कोचचा पगार किती" याला एक आकडा देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नकोस.

मग माणूस आत शिरतो कुठून? बहुतेक जण त्याच कॉलेजचे खेळाडू असतात, खेळणं संपलं की तिथेच स्टुडंट असिस्टंट किंवा मॅनेजर म्हणून राहतात. दुसरा रस्ता ग्रॅज्युएट असिस्टंटचा, आणि तुझ्यासारख्याला तोच सगळ्यात जवळचा. म्हणजे मास्टर्सला अ‍ॅडमिशन घ्यायची, टीमसोबत काम करायचं, बदल्यात फी माफ किंवा काही भाग माफ आणि वर थोडं स्टायपेंड. लहान कॉलेजांत हे जास्त चालतं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, ग्रॅज्युएट असिस्टंटशिप त्यातच बसवतात. पण कोचिंगचं काम २० तासात संपत नाही हे तिथे कोणालाही विचार, त्यामुळे कुठलंही काम हातात घेण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं, कोचला नाही, कोचला व्हिसाचे नियम माहीत नसतात आणि फटका बसला तर तुला बसतो.

उन्हाळ्यात कॉलेज खेळाडूंच्या लीग असतात, केप कॉड सगळ्यात नावाजलेली, मॅसॅच्युसेट्समध्ये, तिथे कॉलेजातली मेटल बॅट ठेवून लाकडी बॅटने खेळतात. पण अशा छोट्या छोट्या लीग देशभर आहेत आणि त्यांना उन्हाळ्यापुरते तरुण कोच लागतात, राहायला कोणाच्या तरी घरी खोली मिळते, पैसे किरकोळ. ओळखी मात्र इथेच होतात कारण एका डगआउटमध्ये वेगवेगळ्या कॉलेजांचे लोक असतात. आणि दर जानेवारीत अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं, लेक्चरं असतातच पण अर्धी गर्दी हॉटेलच्या लॉबीत नोकरी शोधत फिरत असते.

आता काम काय असतं ते, कारण मला वाटतं तू मॅच बघून ठरवलंयस आणि मॅच हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. रेग्युलर सीझनला जास्तीत जास्त ५६ मॅच, फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू. उरलेलं वर्ष? फंगो बॅट, ती लांब बारीक बॅट, घेऊन इनफिल्डरना ग्राउंडबॉल मारत राहायचं, हाताला घट्टे पडेपर्यंत. एल आकाराच्या जाळीमागून बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल टाकायचे, तुझ्या खांद्याचं काय ते आताच बघून घे. पिचिंग कोच असशील तर प्रत्येक पिचरने आठवड्यात किती टाकले, किती विश्रांती झाली याचा हिशोब ठेवायचा, आणि मॅचमध्ये पुढचा बॉल कोणता टाकायचा हे कॉलेजात बहुतेक ठिकाणी डगआउटमधून पिचिंग कोचच सांगतो, कॅचर नाही. क्रिकेटमधून आलेल्याला हे पचायला जड जातं, आपल्याकडे बोलरला कोच बाहेरून प्रत्येक बॉल सांगायला लागला तर बोलर बॉल खाली फेकूनच देईल.

आणि मग रिक्रूटिंग. इथेच असिस्टंटचं करिअर बनतं किंवा अडकतं. हायस्कूलची पोरं शोधायची, जून-जुलैच्या उन्हात जॉर्जियातल्या कुठल्यातरी दहा-बारा मैदानांच्या कॉम्प्लेक्सला खुर्ची टाकून, रडार गन हातात, सकाळी आठपासून. आईबापांशी बोलायचं. नियम पाठ असायला लागतात, म्हणजे आता अकरावीचं वर्ष सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत पोराशी थेट संपर्कच करता येत नाही. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलायची व्यवस्था, आल्यापासून आपलीच पोरं दुसरीकडे जातात आणि त्यांच्या जागी दुसऱ्यांची आणायची, म्हणजे वर्षभर फोन कानाला. ज्या असिस्टंटला चांगली पोरं आणता येतात त्याला हेड कोच सोडत नाही आणि दुसरे पळवायला बघतात.

उदाहरण हवं तर टोनी व्हिटेलो. मिझूरी युनिव्हर्सिटीला खेळला, तिथेच असिस्टंट झाला, मग टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, मग अर्कान्सा, पंधराएक वर्षं असिस्टंटच होता आणि रिक्रूटर म्हणून नाव कमावलं, २०१७ मध्ये टेनेसीने हेड कोच केलं, २०२४ ला ओमाहात कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या मेजर लीग टीमने थेट मॅनेजर (प्रोफेशनल टीमच्या हेड कोचला तिकडे हेच म्हणतात) म्हणून घेतलं, प्रोफेशनल बेसबॉलमध्ये कधी कोचिंग न करता. सगळे हाच किस्सा सांगतात. मला मात्र वेस जॉन्सन जास्त शिकवणारा वाटतो. हा हायस्कूलचा कोच, लहान लहान कॉलेजं करत वर आला, एकच गोष्ट पकडली ती पिचिंग. त्या एका गोष्टीवर २०१८ ला मिनेसोटा ट्विन्सने त्याला अर्कान्सामधून उचलून मेजर लीगचा, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या प्रोफेशनल लीगचा, पिचिंग कोच केलं, आणि गंमत म्हणजे २०२२ च्या सीझनमध्येच तो ते सोडून लुईझियाना स्टेटला पुन्हा असिस्टंट म्हणून गेला! तिथे त्याच्या हाताखाली पॉल स्कीन्स हा गाजलेला पिचर होता, २०२३ ला टीम चॅम्पियन झाली, आणि लगेच जॉर्जिया युनिव्हर्सिटीने याला हेड कोच केलं. म्हणजे असिस्टंट ही खालची पायरीच असते असं काही नाही, हातात काहीतरी असं पाहिजे जे हेड कोचला स्वतःला जमत नाही.

आणि दुसरी बाजू. असिस्टंटचं काँट्रॅक्ट बरेचदा वर्षावर्षाचं असतं. हेड कोचला काढलं की नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो, तू कितीही चांगला असलास तरी सामान बांधायचं, बायकोची नोकरी, पोरांची शाळा सगळं नव्या गावात. अमेरिकन माणसाला हे परवडतं कारण सहा महिने तो आईबापाच्या घरी जाऊन राहू शकतो. तुझ्या व्हिसाला ते सहा महिने मिळत नाहीत. पदवीनंतर ओपीटी नावाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं तेही शिकलेल्या विषयाशी संबंधित, स्पोर्ट्स मॅनेजमेंट सहसा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे विषयांत) धरत नाहीत त्यामुळे पुढचे २४ महिने वाढवून मिळत नाहीत. त्यानंतर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, युनिव्हर्सिट्यांना लॉटरीची भानगड नाही हे खरं, पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून आणायच्या माणसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी लावली गेली, आणि तिसऱ्या असिस्टंट कोचसाठी कागदपत्रांचा खटाटोप कुठलं लहान कॉलेज करेल ते तूच विचार कर.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. फक्त कोचिंगच्या आशेवर लोन काढू नको. जायचंच असेल तर अशा मास्टर्सला जा जी कोचिंग नाही झालं तरी तुला घर चालवून देईल, आणि अ‍ॅडमिशनच्या आधी लहान कॉलेजांच्या हेड कोचना सरळ लिही, चार ओळी, शिकवतानाचा व्हिडिओ, मला काय येतं ते. शंभरांना लिहिलंस तर पाच जण उत्तर देतील, त्यातला एक जरी म्हणाला की ये, फी अर्धी करतो, तरच हिशोब मांड.

तोपर्यंत इथला वेळ वाया घालवू नकोस. आपल्या कॉलेजांना बेसबॉलचे कोच सीझनपुरते मानधनावर लागतात, पैसे हसण्यासारखे, पण चुन्याने डायमंड, म्हणजे बेसबॉलचं मैदान, आखण्यापासून टीम निवडीपर्यंत सगळं एकट्याने करायला मिळतं, अमेरिकेत ते मिळायला वर्षं जातात. आणि इथेच राहून खेळातच पोट भरायचं असेल तर बीपीएड, एमपीएड, वडाळ्याला बीपीसीएचं कॉलेज आहेच, मग ५५ टक्के आणि नेट किंवा सेट केलंस तर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाच्या जागेला अर्ज करता येतो. जागा कमी निघतात, निघाल्या की रांग लागते, ते वेगळं. पण ती पगारी नोकरी आहे आणि त्यात बेसबॉल टीम तुझीच. बाबांना बँकेच्या परीक्षेऐवजी सेटचं पुस्तक दाखव, निदान परीक्षा तरी आहे म्हणून शांत होतील.

खांदा आधी दाखवून घे. एकवीस वर्षांचा आहेस.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी रुईयातून स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झाली, आता एमएस्सीला आहे. शाळेत सॉफ्टबॉल खेळायची, नंतर सुटलं. आता म्हणते बेसबॉल टीमसाठी डेटाचं काम करायचं आणि पुढे कोच व्हायचं. मुलीला पुरुषांच्या टीमवर कोण कोच करेल? तिला समजवा.
— एक आई, माटुंगा

उत्तर : ताई, समजवायचं तुम्हाला आहे असं दिसतंय, रागावू नका.

तुमची मुलगी वरच्या पिचरपेक्षा दोन पावलं पुढे आहे. आता तिकडच्या बऱ्याच कॉलेजात प्रत्येक पिचचा, म्हणजे टाकलेल्या बॉलचा, वेग, फिरकी, बॉल किती वळला हे ट्रॅकमॅन किंवा रॅप्सोडोसारखी यंत्रं मोजतात आणि मग प्रश्न पडतो की या आकड्यांचं करायचं काय, कारण जुन्या कोचला ते वाचता येत नाहीत आणि ज्याला वाचता येतात त्याला पोराशी बोलता येत नाही. ज्याला दोन्ही येतं त्याला जागा आहे. सुरुवात बहुतेक वेळा टीमची स्टुडंट अ‍ॅनालिस्ट म्हणूनच होते, फुकट किंवा तासावर, आणि स्टॅटिस्टिक्सची मास्टर्स स्टेममध्ये येते म्हणजे ओपीटी १२ अधिक २४ महिने. टीम नाही मिळाली तर दुसरी नोकरी मिळते, लोन फिटतं.

बाईचं म्हणाल तर अ‍ॅलिसा नॅकन सॅक्रामेंटो स्टेटला सॉफ्टबॉल खेळायची, २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये इंटर्न म्हणून लागली, एप्रिल २०२२ मध्ये मेजर लीगच्या मॅचमध्ये मैदानावर कोच म्हणून उभी राहणारी पहिली बाई झाली. त्याच वर्षी रेचल बाल्कोव्हेक न्यूयॉर्क यांकीजच्या टॅम्पातल्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पातळीवरच्या) टीमची मॅनेजर होती, तीही सॉफ्टबॉलवालीच, कॅचर. सोपं होतं असं अजिबात नाही, आणि डगआउटमधल्या गप्पा काय असतात हे मी इतकी वर्षं मुलांच्या टीम घेऊन फिरल्यामुळे चांगलं जाणते, पण "कोण करेल" याचं उत्तर आता आहे. तिला फक्त एवढं सांगा की लॅपटॉप घेऊन बसण्याआधी एक सीझन एखाद्या कॉलेज टीमबरोबर मैदानात स्कोअर लिही, मुंबई विद्यापीठाच्या मरीन लाइन्सच्या मैदानावर जाऊन उभी राहा, पिचर थकला की त्याचं कोपर कुठे जातं ते डोळ्यांनी बघ.

प्रश्न : मी कांदिवलीत क्रिकेट कोचिंग करतो, अंडर-१४ आणि अंडर-१६. बेसबॉलचं फिल्डिंग शिकून घेतलं तर उपयोग होईल का की नुसतं फॅड? आणि ते मुंबई कोब्राज वगैरे काय आहे, तिथे काही चान्स?
— कोच, कांदिवली

उत्तर : फॅड नाही हो. माइक यंग हा अमेरिकेत जन्मलेला बेसबॉलचा माणूस, ऑस्ट्रेलियाच्या बेसबॉल टीमचा मॅनेजर होता आणि त्याला ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट टीमने फिल्डिंग कोच म्हणून घेतलं, ते सुद्धा ती टीम सगळ्यांना धुऊन काढत होती तेव्हा. घेण्यासारखं काय तर थ्रोच्या आधीचे पाय, तो क्रो हॉप, म्हणजे खांद्यावर सगळा भार न टाकता शरीर मागून आणणं. अंडर-१४ च्या पोरांचे खांदे बाउंड्रीवरून नुसत्या हाताने फेकून जातात ते यामुळे वाचतील. आणि किती थ्रो झाले ते मोजायची सवय. बेसबॉलमध्ये पिचरचा प्रत्येक बॉल मोजतात, आपल्याकडे पोरगं नेटमध्ये दोन तास टाकतं, मग मॅच, मग घरी बिल्डिंगखाली पुन्हा टाकतं आणि कोणालाच पत्ता नसतो. ग्लोव्हची कॅच मात्र तशीच्या तशी आणू नका, उघड्या हाताला बोटांची दिशा वेगळी लागते.

मुंबई कोब्राज ही बेसबॉल युनायटेड नावाच्या दुबईच्या लीगमधली टीम, नोव्हेंबर २०२३ मध्ये दुबईच्या क्रिकेट स्टेडियमवर त्या लीगचे पहिले सामने झाले. नाव मुंबईचं, खेळ दुबईत. कांदिवलीहून नोकरी म्हणून तिकडे बघत बसू नका, पण २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत, त्या निमित्ताने शाळा बेसबॉलचं विचारायला लागल्या तर तुमच्या हातात खांदे वाचवलेली क्रिकेटची पोरं आणि दोन्ही खेळांची भाषा असेल. एक फंगो बॅट मात्र आताच मागवून ठेवा, हाय कॅचच्या प्रॅक्टिसला क्रिकेट बॅटपेक्षा कितीतरी सोपी पडते, मनगट पण कमी दुखतं.